ताप उतरला म्हणू नका

"सिस्टर, तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा की," असं या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या. मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की मला जे आठवतंय त्यात गंमत फारशी नाही. एकतीस वर्षं सरकारी नर्स म्हणून काढली. त्यातली शेवटची बारा मेडिकल वॉर्डची इन्चार्ज होते. निवृत्त नर्स म्हटलं की लोकांना वाटतं, आता ही मायेचे चार शब्द लिहिणार. माया माझ्याकडेही होती, पण ती बहुतेक वेळा रागाखाली दबलेली असायची. वॉर्डातल्या पोरी माझ्या माघारी मला 'तिखट' म्हणायच्या. "तिखट आली गं, ट्रे उचल!" हे मला ऐकू यायचं आणि खरं सांगायचं तर आवडायचं. आपण ओरडतो म्हणून वॉर्ड चालतो, अशी माझी पक्की समजूत होती.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. सातारा आणि सांगली, दोन्हीकडून माणसं तिथं यायची, एवढं पुरे. आणि लिहिणार आहे ते एका शब्दाबद्दल. तो शब्द अजूनही कुणी माझ्यासमोर सहज उच्चारला, तर माझं डोकं फिरतं.

आमच्याकडे दर वर्षी गणपती उठले की डेंग्यू बसायचा, तो दिवाळीपर्यंत हलायचा नाही. वॉर्ड भरायचा, मग व्हरांडा भरायचा, मग जिन्याखाली सतरंज्या पडायच्या. साथ वाढली की जुन्या लेक्चर हॉलमध्ये तापाचा वेगळा वॉर्ड उघडायचे. मधे एक हिरवा पडदा, अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. पडदा ओढला तरी आवाज कुठं अडतोय? सगळ्यांना सगळं ऐकू जायचं.

ज्यांच्या घरात हा आजार आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि त्याला गटार नको असतं. त्याला आपलं प्यायचं, वापरायचं, साठवून ठेवलेलं स्वच्छ पाणी लागतं. पहिले चार-पाच दिवस सडकून ताप येतो. अंग कुटून काढल्यासारखं दुखतं, डोळ्यांच्या मागं ठणका लागतो, अन्न नकोसं होतं. मग एका सकाळी ताप जातो. दुसऱ्या कुठल्याही तापात ही सुटकेची वेळ असते. डेंग्यूमध्ये धोका इथून सुरू होतो. नवा माठ पाझरतो तशा रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी बाहेर पडून पोटात, छातीत साठतं, आणि आत उरलेलं रक्त घट्ट होत जातं. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, चहासुद्धा मागतो. पण पोट दुखायला लागतं, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. बीपीचे वरचा आणि खालचा असे दोन आकडे असतात, ते एकमेकांजवळ सरकतात. ते फार जवळ आले तर समजायचं, की आता हातात तास उरलेत, दिवस नाहीत.

हा काळ एक-दोन दिवसांचा असतो. प्रत्येकाला तो गाठतोच असं नाही, पण कुणाला गाठणार हे आधी सांगता येत नाही. तेवढे दिवस कुणीतरी शेजारी बसून नाडी, बीपी, लघवी बघितली, सलाईन मोजून दिलं, कमी नाही आणि जास्तही नाही, तर बहुतेक सगळे वाचतात. माझ्या वॉर्डातून बहुतेक सगळे आपल्या पायांनी घरी गेले. हे मी अभिमानानं लिहिते. राग आहे तो उरलेल्यांसाठी.

लोकांना मात्र यातलं काही नको असायचं. लोकांना हव्या असायच्या पेशी. म्हणजे प्लेटलेट्स. "सिस्टर, पेशी किती?" सकाळी दारातून आत पाऊल टाकायच्या आधी हा प्रश्न. मॅच चालू असताना रस्त्यावर स्कोअर विचारतात, त्याच आवाजात. मी सांगतेय त्या वर्षी या पेशीवाल्यांचे पुढारी होते भूपालआण्णा. सांगलीकडचे हळदीचे व्यापारी, पांढरा सदरा, मऊ बोलणं, माणूस सज्जन. त्यांचा इंजिनियरिंगला असलेला मुलगा शीतल पडद्यापलीकडे दाखल होता. आण्णांनी दोन दिवसांत सगळ्या नातेवाइकांचा फोनवर ग्रुप काढला. नाव काय, तर 'पेशी वाढवा'. त्यावर पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट, शेळीचं दूध, रोज नवं काहीतरी यायचं. तिसऱ्या दिवशी बघते तर अर्ध्या वॉर्डाच्या उशाशी हिरव्या रसाच्या बाटल्या.

"आण्णा, हे काय चाललंय?"

"काय तर करायला पायजे की ओ सिस्टर. पोरगं पस्तीस हजारावर आलंय. बघत बसू काय?"

"अहो, पेशी आपोआप वाढतात. हा कडू रस पिऊन तो ओकला, तर ती ओकारी आजाराची की तुमच्या पपईची, हे मी कसं ओळखायचं? सकाळपासून त्याला लघवी किती झाली?"

पेशींचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असायचा, लघवीचा कुणालाच ठाऊक नसायचा. मी चढ्या आवाजात सगळ्या बाटल्या उचलायला लावल्या. संध्याकाळी त्या परत आल्या.

त्याच आठवड्यात बारा नंबरच्या खाटेवर अंजना आली. वय सव्वीस, वडूजच्या पुढच्या कोरड्या पट्ट्यातलं धनगराचं घर. नवरा पोकलेन मशीन चालवायला कर्नाटकात गेलेला. बरोबर होते सासरे, बिरूबा. साठीचे, उंच, डोक्याला फेटा, बोलणं मोजकं. सुनेच्या कपाळावर पाण्याची घडी ठेवायला लाजायचे, म्हणून शेजारच्या बाईला सांगायचे आणि स्वतः घड्या पिळून द्यायचे. अंजनाची चार वर्षांची पोर तनू गावात शेजाऱ्यांकडे होती. अंजना तापात बडबडायची ती तिच्याबद्दलच. "पोरीचं क्यास इंचरलं न्हाईत कुनी."

पाचव्या दिवशी सकाळी मी राउंडला आले. अंजनाचा ताप अठ्ठ्याण्णव. डोळे उघडे, चेहऱ्यावर हुशारी. आणि व्हरांड्यात तीन पेशंट सतरंजीवर, त्यातली एक गरोदर. मी कागदावर टेंपरेचर लिहिलं आणि हसून म्हणाले, "बिरूबा, ताप उतरला बरं का!"

हाच तो शब्द. एकतीस वर्षांत तो किती वेळा म्हणाले असेन, मोजदाद नाही. टायफॉइडला म्हटलं, न्यूमोनियाला म्हटलं, मलेरियाला म्हटलं. नर्सच्या तोंडात चांगली बातमी सांगायला असे दोन-तीनच शब्द असतात, ते सवयीनं बाहेर पडतात. डेंग्यूमध्ये उतरल्यावर काय होतं हे मला पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते. तरी मी तो शब्द उच्चारला, हसत उच्चारला, आणि व्हरांड्यातल्या गरोदर बाईकडे वळले. खाट रिकामी होईल असं माझ्या मनात आलं होतं का? आलं होतं. आता लिहायला बसलेच आहे, तर तेही लिहिते.

बिरूबांनी हात जोडले. "उतरला म्हंजी सुटलो की वो बाई."

पडद्याआडून भूपालआण्णांनी विचारलं, "पेशी किती तिच्या?"

"नव्वद हजार म्हनलं डाक्टर."

"मग काय! नशीबवान आहात. आमचं पोरगं अजून चाळिशीतच आहे."

डॉक्टर तरुण होता, दोन वॉर्ड एकटा सांभाळत होता. त्यानं कागदावर 'अजून दोन दिवस ठेवणे' असं लिहिलं, इंग्रजीत. ते बिरूबांना कुणी वाचून दाखवलं नाही. अकराच्या सुमारास मी औषधांच्या स्टोअरमध्ये सलाईनच्या बाटल्यांसाठी भांडत होते. परत आले तर बारा नंबरवर ती गरोदर बाई झोपलेली. ड्यूटीवरची पोरगी म्हणाली, "मॅडम, ते गेले. स्वजबाबदारीवर नेतो म्हणून सही दिली. घरी लहान मुलगी आहे, मेंढरं चार दिवस कोंडलीत म्हणाले. आणि ताप तर उतरलाच होता ना?"

मी तिच्यावर ओरडले. पण माणूस पाठवून स्टँडवर त्यांना शोधलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीपमधून अंजना परत आली. बोलत होती. "बाई, प्वाट लय दुखतंय. पानी द्या." मी तिचा हात हातात घेतला आणि मला कळलं. हात ओला आणि गार होता. बीपीचे दोन आकडे जवळजवळ एकच झाले होते. सलाईन लावायला शीर सापडेना. आम्ही चौघी-पाचजणींनी आणि त्या डॉक्टरनं जे करता येतं ते सगळं केलं, आणि चहाच्या वेळेला अंजना गेली. शेवटपर्यंत ती शुद्धीवर होती.

बिरूबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, "आमचं काय चुकलं, बाई?"

सगळा वॉर्ड ऐकत होता. मी ओरडले, "उशीर केलात! घरी न्यायलाच नको होतं! आम्ही काय वेडे म्हणून ठेवून घेतो का इथं?"

त्यांनी मान हलवली. खरंच आपलं चुकलं, अशी हलवली.

माणूस मेलं की कागद सुरू होतात. अंजनाच्या झटपट चाचणीत डेंग्यू आला होता, पण पक्क्या तपासणीचा नमुना वेळेत गेला नाही, म्हणून कागदावर शब्द आला 'संशयित'. संशयित डेंग्यू मोजणीत येत नाही. सव्वीस वर्षांची बाई माझ्यासमोर पाणी मागत गेली, आणि कागद म्हणतो संशय आहे! हे कागद करतात त्या टेबलाशी जाऊन मी आरडाओरडा केला. टेबलामागच्या गृहस्थांनी मला पाणी विचारलं.

बिरूबा दाखल्यासाठी पुन्हा आले, तेव्हा त्यांच्याकडून पुढचं कळलं. अंजना गेल्यावर गावात डासांच्या सर्व्हेची माणसं गेली होती. आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी रिकामी करून सुकवायची, याला 'कोरडा दिवस' म्हणतात. नियम चांगला आहे, मी स्वतः शेकडो लोकांना सांगितलाय. पण तो ठरवणाऱ्यांच्या घरी बहुधा रोज नळ येत असावा.

"नऊ दिसानं पानी आलतं, बाई. च्यार ब्यारल भरून ठिवली हुती, पै-पावनं येनार म्हनून. त्यात आळ्या हायत म्हनलं आन् समदी वतली अंगनात. भितीवर खडूनं आकडा टाकला आन् गेली." मग म्हणाले, "तिच्या दहाव्याला शेजारनं पानी आनलं."

ज्या गावाला पाणी नऊ दिवसांनी मिळतं, ते गाव पाणी साठवणार नाही तर काय करणार? झाकणं द्या, फडकी बांधायला शिकवा, नळ नीट सोडा. ते नाही. माणसाला आधी पाणी द्यायचं नाही, मग त्यानं साठवलं म्हणून ओतायचं, आणि मेलं की संशयित लिहायचं!

त्या दिवशी मी बिरूबांना बाकावर बसवून पहिल्यांदा सगळं नीट समजावलं. ताप गेल्यावर काय होतं, पोट दुखलं तर काय, हात गार पडले तर काय, लघवी का मोजायची. त्यांनी शाळेतल्या पोरासारखं दोनदा मागं म्हणून दाखवलं. चार दिवस वॉर्डात होते तेव्हा हे सांगायला मला वेळ नव्हता. सांगितलं ते सून गेल्यावर. चिठ्ठीवर माझा नंबर लिहून दिला, "काही लागलं तर फोन करा" म्हणाले. पण 'उतरला' मी म्हणाले होते, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही.

त्यानंतर माझ्या वॉर्डात त्या शब्दाला बंदी आली. ताप गेला की म्हणायचं, 'पहारा'. खाटेच्या डोक्याशी पट्टी चिकटवायची आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं, पहारा. ड्यूटी बदलताना पोरी सांगायच्या, "चार आणि नऊ पहाऱ्यावर." आधी हसल्या, मग सवय झाली. नातेवाईक विचारायचे, "पहारा कसला? चोर हाय का काय हितं?" मी म्हणायचे, "आहे. तापासारखा कढत नसतो, म्हणून दिसत नाही." मग माणसं बसून ऐकायची. भूपालआण्णांनी अंजना गेली त्याच संध्याकाळी पडदा बाजूला करून मला विचारलं होतं, "सिस्टर, तिच्या पेशी तर नव्वद होत्या?" मी म्हटलं, "होत्या." दुसऱ्या दिवशी त्यांच्या ग्रुपवर मेसेज आला, 'सर्वांनी पेशंटची लघवी कळवावी.' त्या आठवड्यात हसू आलेली तेवढी एकच गोष्ट. शीतल बरा होऊन घरी गेला.

मी निवृत्त झाले. पोरींनी साडी दिली, साहेबांनी भाषण केलं, माझ्या शिस्तीबद्दल चांगलं बोलले. मी रुग्णालयापासून जवळच, मलकापूरला राहायला आले. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर एका सकाळी, मी भाजी निवडत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाई, मी बिरूबा, वडूजकडला. नातीला आनलीया दवाखान्यात. तनूला. पाच दिस ताप हुता. आज सकाळच्याला उतरला, म्हनून आनलीया."

म्हणून आनलीया!

"घेतलं का आत?"

"न्हाई. हितली बाई म्हनती, ताप न्हाई तर ॲडमिट कशाला. उद्या पेशी तपासून या."

मी होते त्या कपड्यांवर रिक्षा केली. तीच ओपीडी, तोच बाक, ज्यावर मी त्यांना समजावलं होतं. तनू अकरा वर्षांची, वेण्या घट्ट घातलेल्या, पोटाशी गुडघे घेऊन आडवी. तिच्या डोक्यावर भिंतीला नवंकोरं पोस्टर. सुंदर छपाई, डासाचं मोठं चित्र आणि खाली ठळक ओळ: 'ताप उतरेपर्यंत रुग्णाची काळजी घ्या.' उतरेपर्यंत! मी तिचा हात धरला. गार. बीपी घ्यायला लावलं, वरचा शंभर, खालचा चौऱ्याऐंशी. सकाळपासून लघवी नाही. 'उद्या या' म्हणणाऱ्या तिथल्या नव्या नर्सला मी काय काय बोलले ते इथं छापता येणार नाही. तिचे डोळे भरले. तिची चूक होती का? कागदावर ताप नव्हता, भिंतीवर पोस्टर होतं, आणि समोर शंभर माणसं उभी होती. मी तिच्या जागी असताना तिच्याहून वेगळं काय केलं होतं?

तनूला आत घेतलं. डॉक्टर धावत आला, सलाईन सुरू झालं, तासातासाला मोजमाप सुरू झालं. मला कुणी थांब म्हणालं नव्हतं, पण जा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. बिरूबा लघवीचं प्लास्टिकचं भांडं घेऊन खाटेशी बसले. त्या भांड्यावरच्या रेघा ते डोळ्यांजवळ धरून वाचायचे आणि मोठ्यानं आकडा सांगायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी तनूचे हात ऊबदार झाले आणि तिनं भाकरी मागितली. बीपीचे आकडे आपापल्या जागी गेले होते. बिरूबांनी फेटा सोडून पुन्हा बांधला.

आता सांगायलाच हवं होतं. मी त्यांच्याजवळ बसले. "बिरूबा, अंजना गेली तेव्हा मी तुम्हाला उशीर केलात म्हणाले. तुमचं चुकलं नव्हतं. ताप उतरला असं मीच तुम्हाला सांगितलं होतं. हसत सांगितलं होतं."

"ठावं हाय की, बाई," ते म्हणाले. "तुमी म्हनलासा तवा मी म्होरंच हुतो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?" माझा आवाज पुन्हा चढला. "सगळ्या वॉर्डासमोर मी तुम्हाला बोलले. तुम्ही तोंडावर सांगायचं होतं, की बाई, तुम्हीच म्हणालात!"

"तुमी वरडत हुतासा," बिरूबा म्हणाले. "सांगायचं कुनाला?"

मग ते उठले आणि भांडं माझ्यापुढं धरलं. "दोनशे झाली. लिवून घ्या."